नाव गाळून म्हटलेला पाळणा

अमेरिकेतल्या डोंगरी मुलखातल्या गाण्यांवरचे जुने माहितीपट सोलापुरात किती घरांत बघतात, मला कल्पना नाही. आमच्या घरात तिघं बघतो. मी, अव्वा आणि अप्पा, म्हणजे मी आणि माझे आईवडील. त्या दोघांना इंग्रजी येत नाही. मला येतं, पण ते मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं इंग्रजी, आणि तसं त्या डोंगरात कोणीच बोलत नाही. त्यामुळे तिघांनाही साधारण सारखंच कळतं.

मला या फिल्मांचा नाद निवृत्तीनंतर लागला. बॅलड म्हणजे काय, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. गोष्ट सांगणारं लोकगीत, चार ओळींचं कडवं, शेवटी दोन उदाहरणं. पाच गुणांना हमखास. ते माणसं तोंडाने गातात, हे मी कधी ऐकलं नव्हतं आणि विद्यार्थ्यांनीही विचारलं नव्हतं. घरी बसल्यावर एकदा इंटरनेटवर शोधलं, तर एक काळी-पांढरी फिल्म निघाली. लाकडी घराच्या ओसरीवर एक म्हातारी बसलेली, मांडीवर शेंगांची टोपली. शेंगा सोलता सोलता ती एका खुनाची गोष्ट गात होती. चेहऱ्यावर काही नाही. मेलेली मुलगी आणि सोललेली शेंग, दोन्हींना तिच्या लेखी सारखंच महत्त्व. मी जागची हलले नाही. तीस वर्षं चुकीचं शिकवलं असं मी म्हणणार नाही, पण पाच गुण जास्त होते.

मग रोज दुपारी जेवणं झाली की टीव्हीवर तेच. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे रिमोट माझ्याकडे असतो. अप्पा शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांना प्रत्येक फिल्म कोणत्या साली काढली ते आधी सांगावं लागे. साल ऐकलं की ते मनातल्या मनात वजाबाकी करत आणि म्हणत, "म्हणजे ही बाई आता नसेल."

"नसेल," मी म्हणे.

"हाय की," अव्वा म्हणे. "समोर बसली न्हाय का."

अव्वा दुधनीकडची. माहेरी सगळं कन्नड, शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी ती सोलापुरात येऊन शिकली आणि आजही थोडं कन्नडच्या चालीवर बोलते. फिल्म बघताना गाण्याकडे तिचं लक्ष नसे. ती त्या लोकांचं घर बघायची. शेंगा दोऱ्यात ओवून वाळवतात, हे तिला पसंत पडलं. मक्याची भाकरी थापत नाहीत, पीठ कालवून लोखंडी भांड्यात ओतून सरळ चुलीत ठेवतात, हे पसंत पडलं नाही. "आळशी हायत," एवढंच ती म्हणाली. त्यांचं ते बँजो नावाचं वाद्य बघून म्हणाली, "चौंडकं हाय. तारा लई लावल्यात." यल्लम्माच्या जोगतिणी वाजवतात त्या चौंडक्याला एकच तार असते, आणि अव्वाच्या मते एक पुरते.

कधीमधी गाण्याचा अर्थ विचारायची.

"काय म्हनती ती?"

"तिचा माणूस जहाजावर गेला. तो परत आलाच नाही."

"समुद्र हाय व्हय तितं?"

"नाही. खूप लांब आहे."

"तिनं बघितलाय?"

"नसावा."

"मग न बघताच रडती." मग स्वतःच म्हणाली, "असू दे. आमी तरी कैलास कुटं बघितलाय."

अशी सगळी मजा चालली होती. दिवाळीच्या सुमाराला अव्वाचा घसा बसला. आधी थंडी म्हणून काढा झाला, मग आलं-मध झालं, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आवाज खरखरीत झाला तो तसाच राहिला. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. कागदाच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथून. नंतर एखादं यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, पण या वयात जमेल असं धरून चालू नका. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

अव्वाने विचारलं, "जेवता येतंय न्हवं?"

"येईल."

"मग काढा."

अप्पा उठले आणि स्कूटर काढतो म्हणून बाहेर गेले. आम्ही रिक्षाने आलो होतो.

मला भीती वाटली. ती जाईल याची नाही, डॉक्टर बरी होईल म्हणत होते. घरात तिचा आवाज नसेल याची. मी साठीला आलेली बाई आहे, पण रिक्षात बसल्या बसल्या मला एवढंच कळत होतं की स्वयंपाकघरातून आता कोणी माझ्यावर ओरडणार नाही. मला रडू येत होतं आणि अव्वा रिक्षावाल्याला खड्डा चुकवायला सांगत होती.

त्याच आठवड्यात आम्ही एक फिल्म बघितली. तीच म्हातारी होती की दुसरी, आता आठवत नाही. फिल्म काढणाऱ्याने तिला काहीतरी विचारलं, तिला ते आठवेना, म्हणून तिने मान वळवली आणि अंगणात लाकडं फोडणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. खणखणीत, नाव घेऊन. तो हातातली कुऱ्हाड तशीच घेऊन आला, उत्तर दिलं आणि परत गेला.

अव्वाने हातातली वाटी खाली ठेवली.

"नवऱ्याचं नाव हुतं ते?"

"हो."

"परत लाव."

मी परत लावलं. तिने तिसऱ्यांदाही लावायला लावलं. अप्पा म्हणाले, "त्यांच्यात चालतं तसं. त्यात काय एवढं." अव्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आन तो आला बी."

इथे सांगायला हवं की अव्वाने लग्न झाल्यापासून अप्पांचं नाव घेतलेलं नाही. तिच्या पिढीत कोणीच घेत नसे, त्यात नवल नाही. अडचण अशी की अप्पांचं नाव आमच्या ग्रामदैवताचं आहे. मी ते इथे लिहीत नाही. तिने इतकी वर्षं पाळलं, ते मी कागदावर मोडायचं काही कारण नाही. पण हे नाव न घेता सोलापुरात राहणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. देवळाला ती "तळ्यातला" म्हणते. त्याच नावाची शाळा आहे, ती "मोठी शाळा". त्याच नावाची मुंबईची गाडी आहे, ती "झोपून जायची गाडी". दुकानं किती आहेत त्याला गणती नाही, ती सगळी "कोपऱ्यावरची". आमच्या गल्लीत या नावाचे तीन पुरुष आहेत, त्यांना ती त्यांच्या बायकांवरून ओळखते. सरकारी ऑफिसात खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. मी नसेन तर रांगेत मागे उभी असलेली बाई सांगते. अप्पांना बोलवायचं तर "अवं" म्हणते, आणि लांब असतील तर पातेल्यावर उलथनं वाजवते. अप्पा येतात. बोलावणं उलथन्यानेही पोचतं, त्यामुळे आमच्या घरात कोणाचं कधी काही अडलं नाही.

फिल्मा बघून बघून मला आपणही एक काढावी असं वाटायला लागलं. तीन आठवड्यांत अव्वाचा आवाज साठवून ठेवायचा होता, आणि तो कसा साठवतात हे मी वर्षभर रोज बघत होते. कॅमेरा हलवायचा नाही. माणसाच्या हातात काम द्यायचं. आणि मुख्य म्हणजे फिल्म काढणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. एवढे नियम मला पाठ होते.

अव्वाला एक पाळणा येतो. बारशाला म्हणायचा, अर्धा मराठी आणि अर्धा कन्नड, बारा कडव्यांचा. मी लहान असताना घराघरांतून तिला त्यासाठी बोलावणं येई. गेली आठ-नऊ वर्षं तिने तो म्हटला नव्हता. कोणी बोलावलं तर "आता याद न्हाय" म्हणायची. तरी मी तिला मागच्या दारी खुर्चीवर बसवलं आणि मांडीवर तुरीच्या शेंगांची टोपली दिली. मी सांगितलं होतं रोजचं लुगडं नेस, तर ती लग्नाला नेसायची इरकल नेसून आली. मी म्हटलं, त्या डोंगरातल्या बायका बघ, कशा साध्या बसतात. ती म्हणाली, "त्यांच्याकडं नसंल." अप्पा खिडकीतून म्हणाले की उजेड मागून येतोय. खुर्ची फिरवली. शेजारच्यांचा कुकर संपेपर्यंत थांबलो.

मी फोन स्टुलावर टेकवला आणि गप्प उभी राहिले. अव्वाने म्हणायला सुरुवात केली. आवाज फाटलेला होता, पण चाल जिथल्या तिथे. चार ओळी झाल्या, पाचवी जवळजवळ संपली, आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी नियमाप्रमाणे गप्प. तिने शेंग सोलली. पुन्हा बघितलं. मी मानेने "पुढे" म्हणून खूण केली. तिने पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच थांबली.

असं चारदा झालं. मला वाटलं, विसरली. मला आतून इतकं वाईट वाटत होतं, आणि वर मी हसून धीर देत होते, जसा तोंडी परीक्षेत अडलेल्या मुलांना देत असे. शेंगा संपल्या, तर मी सालं परत टोपलीत घातली आणि म्हटलं, नुसते हात हलव. पाचव्यांदा थांबल्यावर अव्वा म्हणाली, "येडी हायस काय? म्हन की."

"काय म्हणू?"

"नाव."

मग उलगडलं. पाळण्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी देवाचं नाव येतं. तेच नाव. ती ते म्हणायची नाही. ती तिथपर्यंत आणून सोडायची आणि आत्या ते म्हणायची. आत्या म्हणजे अप्पांची बहीण, तिला भावाचं नाव घ्यायला कसली बंदी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तसा या पाळण्यात शेवटच्या शब्दाचाही. मी लहानपणी शंभर वेळा ऐकला असेल, पण दोघी एका दमात म्हणायच्या, त्यामुळे एक शब्द दुसऱ्या तोंडातून येतो हे मला कधी कळलंच नाही. आत्या वारली त्याला नऊ वर्षं झाली. अव्वा पाळणा विसरली नव्हती. तिच्याजवळ शेवटचा शब्द म्हणणारं कोणी नव्हतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला इचारायचं म्हंजे तू धा गोष्टी इचारशील."

हे खरं आहे.

सहाव्या वेळी मी नियम सोडला आणि प्रत्येक कडव्याला नाव घेतलं. बारा वेळा. अव्वाने एकदाही न अडखळता पूर्ण पाळणा म्हटला आणि शेवटी खुर्चीवरून उठून सालं कचऱ्यात टाकायला गेली. नंतर ऐकून बघितलं. फोन माझ्या बाजूला होता. अव्वाचा आवाज लांबून, चिंध्या झालेला, आणि दर मिनिटाला माझा आवाज, स्पष्ट, वर्गात हजेरी घ्यावी तसा. पुन्हा करू म्हटलं, पण तिचा घसा दुखायला लागला होता. मग नाहीच झालं. जे आहे ते तेवढंच आहे.

राहिलेल्या दिवसांत घरात एक नवीन प्रश्न निघाला. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर पाटीवर लिहून बोलता येईल. अव्वाला लिहिता येतं ते कन्नड. अप्पांना कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. मलाही येत नाही. साठेक वर्षांच्या संसारात दोघांना एकमेकांना काही लिहून कळवायची वेळ आली नव्हती. एका सकाळी अप्पा काही न सांगता बसने अक्कलकोटला गेले आणि दुपारी कन्नड बालवाडीचं अंकलिपीचं पुस्तक घेऊन आले. हत्तीच्या चित्राखालचं अक्षर ते पेन्सिलीने गिरवत बसले. वय ब्याऐंशी. अव्वा येता-जाता बघायची आणि म्हणायची, "उलटं काढलंय." तेही खरंच असायचं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला आम्ही हजर होतो. नर्सने बांगड्या, मंगळसूत्र, नाकातली मोरणी काढायला लावली. शेवटी गळ्यातलं इष्टलिंग; आम्ही लिंगायत, ते अंगावेगळं करत नाही. ते काढताना अव्वाने डोळे मिटले, माझ्या मुठीत ठेवलं आणि म्हणाली, "खाली ठेवायचं न्हाय." त्यामुळे पुढचा सगळा वेळ माझी उजवी मूठ मिटलेली होती आणि फोन पिशवीत होता.

अप्पा कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर बसले होते, मांडीवर फाइल. बाकावर आणखी बरेच नातेवाईक. समोरच्या खिडकीतून एक बाई मधूनमधून नावं पुकारत होती आणि कोणीतरी उठून सही करायला जात होतं. ट्रॉली खोलीतून बाहेर निघाली. ऑपरेशनचं दार दुसऱ्या टोकाला होतं, म्हणजे अप्पांकडे पाठ करून जायचं. ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाने ती वळवली. अव्वा कोपरावर टेकून थोडी उठली आणि तिने अप्पांना हाक मारली.

नाव घेऊन. पुढे राव नाही, मागे काही नाही, नुसतं नाव. घसा होता तेवढा सगळा लावून. जेवायला बोलावताना मारतात तशी साधी हाक होती.

अप्पांनी मान वर केली. खिडकीकडे बघितलं. तिथली बाई फोनवर बोलत होती. मग त्यांनी शेजारच्या माणसाला हात लावून विचारलं, "तुम्हाला बोलावतायत का?" तो म्हणाला, माझं नाव ते नाही. अप्पांनी पलीकडे एकदा नजर टाकली. आमच्या गावात हे नाव पुकारलं की दोघे तरी उठतात, आज कोणी उठत नव्हतं. त्यांनी परत फाइल उघडली आणि कागद लावायला लागले.

मी ओरडायला हवं होतं. मला सुचलं नाही. मी ट्रॉलीबरोबर चालत राहिले, मूठ आवळून.

अव्वा आडवी झाली. तिला हसू आलं होतं. मला म्हणाली, "बघ. वळकलं न्हाय." आणि दार आलं, मला बाहेर थांबवलं, ती आत गेली.

मी बाकापाशी आले.

"नेलं का?" अप्पांनी विचारलं.

"नेलं."

"मला सांगायचं ना. मी उठलो असतो."

"अप्पा, मघाशी हाक आली ना?"

"कोणाला तरी बोलावत होते."

"ती अव्वा होती."

अप्पांनी फाइल मिटली. दोरी बांधायला लागले, गाठ बसेना. मग दोरी तशीच सोडून त्यांनी विचारलं, "नाव घेऊन?"

"हो."

त्यांनी फाइल माझ्याकडे दिली, बाकाला धरून उठले आणि कॉरिडॉरमधून चालत त्या टोकाच्या दारापर्यंत गेले. दार बंद होतं, वर लाल दिवा लागला होता. अप्पांनी दारावर हात ठेवला आणि ओ दिली.